मदत हवी आहे: असेंबल केलेल्या पीसीतली हार्ड डिस्क कॉपी करताना मधेच बसते

सुटे भाग आणून घरीच जोडलेला डेस्कटॉप आहे. विंडोज १० एनव्हीएमई एसएसडीवर (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आहे, तिथे काहीच अडचण नाही. अडचण आहे ती ४ टीबीच्या ३.५ इंची साटा (मदरबोर्डला केबलने जोडायचा प्रकार) हार्ड डिस्कची. घरच्या जुन्या फोटोंचे स्कॅन, कॅसेटवरून उतरवून घेतलेले आवाज, व्हिडिओ असं सगळं तिच्यावर आहे. यातलं बरंचसं पुन्हा मिळण्यासारखं नाही, त्यामुळे काळजी वाटते आहे.

मोठी व्हिडिओ फाइल या डिस्कवर टाकायला घेतली की सुरुवातीला सेकंदाला १२०-१३० एमबी वेग दिसतो. बऱ्यापैकी डेटा गेल्यावर तो एकदम ८-१० एमबीवर येतो, कधी शून्यावरच थांबतो. टास्क मॅनेजरमध्ये त्या वेळी डिस्क १०० टक्के आणि सरासरी प्रतिसाद वेळ हजार मिलिसेकंदांच्या वर असते. शिवाय नुसता व्हिडिओ बघत असलो तरी अधूनमधून सगळं गोठतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुटतं. हजारो छोटे फोटो असलेलं फोल्डर कॉपी करायचं म्हटलं तर विचारूच नका.

व्हायरस स्कॅन झालं आहे. सर्च इंडेक्सिंग आणि सिसमेन या विंडोजच्या मागे चालणाऱ्या सेवा बंद करून पाहिलं, फरक नाही. डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी आहे. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम 'गुड' म्हणतो. खराब सेक्टर मोजणारे त्यातले ०५, सी५ आणि सी६ हे तिन्ही आकडे शून्य आहेत. टकटक असा आवाजही नाही.

डिस्क जायला आली आहे का? विंडोजमधल्या 'चेकडिस्क'चा पूर्ण सेक्टर तपासणारा प्रकार चालवू का? की विंडोज नव्याने टाकू?

प्रतिसाद

सरळ एसएसडी घ्या, हार्ड डिस्कचे दिवस गेले.

प्रतिसाद

एसएसडी वेगवान असते हे खरं, पण साठवणीच्या ४ टीबीसाठी हार्ड डिस्क ठेवण्यात काहीच गैर नाही. आणि मूळ दोष केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये असेल तर त्यावर लावलेली साटा एसएसडीसुद्धा अशीच अडखळेल.

आधी एक विनंती. बाकी काहीही करण्यापूर्वी पुन्हा न मिळणाऱ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. चेकडिस्क आत्ता नको. ते फाइल सिस्टिममध्ये दुरुस्त्या लिहितं, आणि डिस्कशी संपर्कच नीट होत नसेल तर अशा वेळी काही लिहिणं धोक्याचं. डिस्क खरंच आजारी असेल तर तासन्‌तास चालणारं ते वाचन तिला आणखी थकवतं. विंडोज नव्याने टाकण्याचाही उपयोग दिसत नाही, कारण ज्या डिस्कवर विंडोज आहे ती ठणठणीत आहे.

आता क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दोन गोष्टी बघून सांगा. पहिली, सी७ म्हणजे 'अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट'. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात जाणाऱ्या डेटासोबत एक पडताळणीचा आकडा जातो. तो जुळला नाही की तो तुकडा पुन्हा पाठवावा लागतो आणि सी७ एकने वाढतो. ०५ आणि सी५ हे तबकडीच्या तब्येतीबद्दल सांगतात, सी७ वाटेबद्दल. मात्र सी७ पुन्हा शून्य होत नाही, त्यामुळे आज टिपून ठेवा आणि वाढतोय का ते बघा. 'रॉ' रकान्यातले आकडे मुळात हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या मोजणीत) असतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या.

दुसरी, वर 'ट्रान्स्फर मोड' लिहिलेला असतो. त्यात डावीकडे सध्याचा वेग आणि उजवीकडे डिस्कला जमणारा कमाल वेग असतो. दोन्हीकडे साटा/६०० हवं.

मूळ प्रश्नकर्ता

महत्त्वाच्या फाइलींची कॉपी चालू केली आहे. सी७ शेकड्यात आहे आणि कॉपी चालू असतानाच तो वाढताना दिसला. ट्रान्स्फर मोड साटा/१५० | साटा/६०० असा आहे. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'स्टोरएएचसीआय' या साटा ड्रायव्हरच्या नावाने १२९ क्रमांकाच्या बऱ्याच नोंदी आहेत, त्यांत डिव्हाइस रीसेट केल्याचं लिहिलं आहे.

प्रतिसाद

मग गोठण्याचं कारण सापडलं. विंडोजने डिस्ककडे काहीतरी मागितलं, ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, म्हणून ड्रायव्हरने संपर्क तोडून पुन्हा जोडला, असा १२९ चा अर्थ. तेवढा वेळ त्या डिस्कची वाट पाहणारं सगळं थांबून राहतं.

साटा/१५० सुद्धा याच्याशी जुळतं. सिग्नल स्वच्छ नसेल तर दोन्ही बाजू खालच्या वेगावर जुळवून घेतात. साटाची पहिली पायरी १.५ गिगाबिटची, त्यात ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागतात, म्हणून हाती येतात कमाल १५० एमबी. तुमचे सुरुवातीचे १२०-१३० इथे अडकलेले वाटतात.

पीसी बंद करा, पॉवर सप्लायची वायर भिंतीतून काढा आणि साटा केबल बदला. जुनीच काढून घट्ट बसवण्यापेक्षा नवीच लावा, दोन्ही टोकांना धातूची खिट्टी असलेली. केबल काटकोनात दुमडू नका. दिसायला छान म्हणून सगळ्या साटा केबली एकत्र आवळून बांधण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही, त्याने सिग्नल बिघडू शकतो. पोर्टही बदला. डिस्कला वीज एखाद्या फाट्यावरून किंवा अ‍ॅडॉप्टरवरून जात असेल तर सप्लायची मूळ साटा पिन थेट लावा. एम.२ स्लॉटमुळे (मदरबोर्डवर एसएसडी बसवायची खाच) साटा पोर्ट अडतो असं कोणी सांगेल, पण त्यात पोर्ट पूर्ण बंद पडतो, संथ होत नाही. तो तुमचा प्रश्न नाही.

मूळ प्रश्नकर्ता

केबल आणि पोर्ट दोन्ही बदललं. आता साटा/६०० | साटा/६०० दिसतं, सी७ जागचा हललेला नाही, १२९ ची नवी नोंद नाही. वाचताना गोठणं पूर्ण थांबलं, मोठ्या फाइली १७०-१८० ने वाचल्या जातात. मनापासून आभार!

पण लिहितानाची घसरण तशीच आहे. सुरुवात आता जोरात होते आणि बराच डेटा गेल्यावर पुन्हा १० एमबी. डिस्क तासभर नुसती चालू ठेवली की पुढची कॉपी परत वेगात सुरू होते.

प्रतिसाद

शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. तुमची डिस्क बहुधा एसएमआर प्रकारची आहे. नेहमीच्या डिस्कवर, म्हणजे सीएमआरमध्ये, ट्रॅक एकमेकांशेजारी सुटे असतात. एसएमआरमध्ये जास्त डेटा मावावा म्हणून ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. वाचणारं हेड अरुंद असतं, त्याला चढवलेला ट्रॅकही वाचता येतो. लिहिणारं हेड रुंद असल्याने एक ट्रॅक बदलायचा तर पुढचेही पुसले जातात, आणि तो सगळा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. हे लपवायला डिस्क नवा डेटा आधी साध्या ट्रॅकच्या राखीव जागेत घेते आणि निवांत असताना आत हलवते. ती जागा भरली की घेणं आणि हलवणं एकाच वेळी करावं लागतं, म्हणून वेग कोसळतो.

खात्रीसाठी मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत बघा. ही माहिती सांगितली जात नाही म्हणून ग्राहकांनी आवाज उठवल्यावर २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांनी कोणती मॉडेल एसएमआर आहेत ते जाहीर केलं. हे आधीच डिस्कच्या वेष्टनावर छापायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या 'फीचर्स'मध्ये फिरत्या डिस्कसमोर 'ट्रिम' (पुसलेली जागा डिस्कला कळवणारी, एरवी एसएसडीत असणारी सोय) दिसलं तर ती जवळपास नक्कीच एसएमआर. न दिसल्याने मात्र काही सिद्ध होत नाही.

छोट्या फोटोंचं वेगळं आहे. ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला ५४०० फेऱ्या) डिस्कला एक फेरी मारायला ११ मिलिसेकंद लागतात, हेड हलण्याचा वेळ त्यावर. विखुरलेल्या फाइली सेकंदाला शंभरही धड होत नाहीत. जुने फोटो वर्षावार एकेका झिप फाइलमध्ये बांधून हलवा.

मूळ प्रश्नकर्ता

'ट्रिम' आहे, आणि मॉडेलही यादीत सापडलं. आता हीच डिस्क साठवणीला ठेवून चालेल का? दुसरी प्रत ठेवायला डिस्क घ्यायची आहे, ती कशी बघू?

प्रतिसाद

चालेल. एकदा लिहून वारंवार वाचायच्या डेटाला एसएमआर वाईट नाही. एका वेळी थोडाथोडा डेटा टाका आणि मधे डिस्कला मोकळी सोडा. डाउनलोड, पेजफाइल (विंडोज मेमरी अपुरी पडली की वापरतं ती फाइल), व्हिडिओ एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइली एसएसडीवर असू द्या. रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याची पद्धत) मात्र ही डिस्क घालू नका. एखादी डिस्क बदलून रेड पुन्हा बांधायची वेळ आली की सलग लिहिणं इतकं लांबतं की कंट्रोलर तिला बाद ठरवू शकतो.

नवीन घेताना तांत्रिक माहितीत 'सीएमआर' असं स्पष्ट लिहिलेलं मॉडेल घ्या. २.५ इंची पोर्टेबल डिस्क मोठ्या क्षमतेत बहुतेक एसएमआरच असतात. दुसरी प्रत पूर्ण झाली की त्यातल्या काही फाइली उघडून बघा, आणि ती डिस्क एरवी पीसीपासून काढून ठेवा.