लिस्बनला दिलेली हमी आणि मुंबईचे २५७ जीव

प्रेषक: रमाकांत, फोंडा

सर्वांस नमस्कार,

मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातला दोषी अबू सालेम पोर्तुगालला दिलेल्या हमीमुळे २०३० मध्ये सुटणार म्हणून आपल्या या ईमेल-यादीवर जो संताप उमटतोय, तो माझाही आहे. १२ मार्च १९९३ ला मुंबईतल्या त्या स्फोटांत २५७ माणसं मारली गेली. खटला आपल्या न्यायालयात चालला, जन्मठेप आपल्या न्यायाधीशांनी दिली. मग त्याला किती वर्षं आत ठेवायचं हे पोर्तुगालनं का ठरवावं? साडेचारशे वर्षं ज्यांचे हुकूम गोव्यानं झेलले, त्यांची अट अजून पाळायची? शालिनीबाई, कायदा काय म्हणतो ते स्पष्ट लिहा.

रमाकांत

---

प्रेषक: शालिनी, पणजी

रमाकांतबाब,

अट पोर्तुगालच्या कायद्यातली खरी, पण ती कबूल केली भारत सरकारनं, आणि विचार करूनच केली. सप्टेंबर २००२ मध्ये सालेम लिस्बनमध्ये पकडला गेला. तिथं आपल्या पोलिसांचा हुकूम चालत नाही. पोर्तुगालनं नागरी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्ये आणि जन्मठेप १८८४ मध्ये रद्द केली; तिथं कमाल शिक्षा २५ वर्षं. गुन्हेगार अशा शिक्षेच्या तोंडी द्यायचा असेल तर आधी हमी घ्या, असं त्यांच्या संविधानाचं ३३ वं कलम सांगतं. म्हणून १७ डिसेंबर २००२ रोजी तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या सहीनं लेखी हमी गेली: फाशी नाही, २५ वर्षांहून जास्त कैद नाही. त्या कागदावर नोव्हेंबर २००५ मध्ये माणूस आपल्या ताब्यात आला. कागद नसता तर बनावट पासपोर्टची तिथली शिक्षा भोगून तो मोकळा झाला असता आणि २०१७ ची जन्मठेप झालीच नसती.

खरा घोळ पुढं झाला. आपल्याच १९६२ च्या प्रत्यार्पण (आरोपी एका देशानं दुसऱ्याच्या ताब्यात देणं) कायद्याचं २१ वं कलम म्हणतं की ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागून आणला, त्यावरच खटला चालवा. आपण जादा आरोप लावले. २०११ मध्ये लिस्बनच्या न्यायालयानं हमी मोडल्याचं ठरवून प्रत्यार्पणच रद्द केलं, आणि २०१३ मध्ये सीबीआयला ते जादा आरोप मागे घ्यावे लागले. सूड लवकर पुरा करण्याच्या नादात हातचा खटला धोक्यात आला होता, हे विसरू नका.

११ जुलै २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (न्या. कौल, न्या. सुंदरेश) मुळातून वाचा. सरकारच्या हमीनं न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत, म्हणून जन्मठेप कायम राहिली. पण सरकार स्वतःच्या शब्दाला बांधील आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून २५ वर्षं भरली की केंद्रानं राष्ट्रपतींना कलम ७२ खाली (शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा अधिकार) सल्ला द्यायचा आणि महिन्याभरात कागद पुढं करायचे. पोर्तुगालमधल्या तुरुंगवासाचे दिवस धरा, ही सालेमची मागणी न्यायालयानं फेटाळली. यात आपलं सार्वभौमत्व कुठं कमी झालं? करार करण्याचा अधिकार सार्वभौम देशालाच असतो, आणि केलेला पाळणं हा त्याचाच भाग. पाकिस्ताननं फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्यासाठी आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलो ते पाकिस्ताननं कैद्याला आपल्या दूतावासाशी संपर्क देणारा व्हिएन्ना करार पाळला नाही म्हणून, आणि १७ जुलै २०१९ ला पंधरा विरुद्ध एक मतानं निकाल मिळवला. शब्द मोडणाऱ्याला तिथं कोण उभं करेल?

शालिनी

---

प्रेषक: विनायक, लिस्बन

शालिनीबाईंच्या मुद्द्याला जोड देतो. युरोपातली न्यायालयं हमीपत्र हातात आलं की विचारतात: सही कोणाची, त्याला तो अधिकार आहे का, कोणत्या माणसाबद्दल, कोणता तुरुंग, कोणती कोठडी, माणशी किती जागा, औषधपाण्याची सोय काय, आणि नंतर तपासणार कोण. ‘भारतीय कायद्याप्रमाणे वागवू’ एवढं लिहून भागत नाही. क्रिकेट सट्ट्याच्या प्रकरणातल्या संजीव चावलाला लंडनच्या न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सोडलं, कारण तिहारबद्दलचा तपशील अपुरा वाटला. सुधारित हमी गेल्यावर २०१८ मध्ये वरच्या न्यायालयानं ती मान्य केली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तो दिल्लीला आला. माणशी किमान तीन चौरस मीटर जागा हा तिथला मोजदंड आहे. अशा ठिकाणी देशभक्तीची भाषणं कामाला येत नाहीत, तुरुंगाचा नकाशा येतो.

विनायक

---

प्रेषक: सुनीता, म्हापसा

कैद्याच्या हक्कांचा तपशील सगळे लिहितात, पीडितांचा कोणी लिहीत नाही. मडगावच्या फ्रेडी पीट्सच्या अनाथालयातल्या मुलांच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण १९९१ मध्ये उघड झालं. त्यातला ब्रिटिश आरोपी रेमंड वार्ली भारताला देण्यास लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयानं २०१४ मध्ये नकार दिला, कारण स्मृतिभ्रंश. ती मुलं आता मोठी झाली. त्यांच्यावर करुणा कुणी करायची? स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवरच्या १९८८ च्या विमानस्फोटाचंही तेच. २७० माणसं मेली, आणि त्या खटल्यात दोषी ठरलेल्या लिबियाच्या मेग्राहीला स्कॉटलंडनं आजारपणामुळे २० ऑगस्ट २००९ ला घरी पाठवलं. जगायला तीन महिने उरलेत म्हणाले, जगला तो २० मे २०१२ पर्यंत.

सुनीता

---

प्रेषक: शालिनी, पणजी

सुनीता, तुझा राग रास्त आहे. पण ही दोन प्रकरणं एकात मिसळू नकोस. मेग्राहीला शिक्षा झाली होती आणि कर्करोग होता. सुटका स्कॉटलंडच्या कायदामंत्र्यांनी, त्यांच्याच कायद्याखाली दिली; अमेरिकेचा कडाडून विरोध होता आणि मृतांपैकी बहुतेक अमेरिकन होते, तरी निर्णय ज्याचा तुरुंग त्याचाच. चूक कुठं झाली म्हणशील, तर वैद्यकीय अंदाजावर एवढा भार टाकण्यात. अंतिम अवस्थेतल्या रोग्याचे महिने कोणताही डॉक्टर खात्रीनं सांगू शकत नाही. माझ्या मते सुटकेच्या हुकमात ठरावीक मुदतीनं पुन्हा तपासणीची आणि माणूस तगला तर परत बोलावण्याची अट हवी, आणि नातेवाइकांचं म्हणणं लेखी घेतल्याशिवाय सही होऊ नये. दुसऱ्या देशात पाठवल्यावर ती अट अमलात आणणं कठीण, हाही धडा त्यातच आहे.

वार्लीचं वेगळं. त्याला निर्दोष ठरवलेलं नाही. ब्रिटिश कायदा म्हणतो की प्रकृती इतकी ढासळली असेल की पाठवणं अन्यायाचं किंवा जुलमाचं ठरेल, तर पाठवू नका. अशा वेळी मागणाऱ्या देशानं आपला मेंदूविकारतज्ज्ञ नेमून तपासणी मागावी, स्मरणशक्तीच्या चाचण्यांचे मूळ कागद मागावेत. तिकडेच खटला चालवा म्हणावं, तर ब्रिटननं आपल्या नागरिकांवर परदेशातल्या बाललैंगिक गुन्ह्यांसाठी खटल्याची सोय केली ती १ सप्टेंबर १९९७ पासूनच्या कृत्यांना. गोव्यातली कृत्यं त्याआधीची. त्या फटीतून माणूस निसटला, आणि मला त्याचा तुझ्याइतकाच त्रास होतो.

गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगातल्या परदेशी कैद्यांबद्दल किंवा परदेशी तुरुंगातल्या आपल्या मुलांबद्दल करुणा दाखवायची असेल, तर शिक्षा झालेल्या कैद्याला उरलेली शिक्षा मायदेशी भोगू देणारा २००३ चा कैदी हस्तांतरण कायदा आहे. निकाल अंतिम हवा, अपील बाकी नको; सहा महिन्यांहून कमी शिक्षा उरलेली नको; दोन्ही देशांत तो गुन्हा असावा; कैद्याची स्वतःची संमती हवी; फाशीचा कैदी चालत नाही. आणि त्या देशाशी भारताचा तसा करार असायला हवा. अर्ज बहुधा दोन ठिकाणी अडकतो: अपील मागे घेतल्याचा कागद नसतो, किंवा निकालाचं प्रमाणित भाषांतर नसतं. ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय त्यांचं भारतीय नागरिकत्व संपतं. अशा माणसाला लंडनमध्ये अटक झाली तर घरच्यांनी भारतीय वकिलातीत खेटे घालू नयेत, पणजीतल्या पोर्तुगालच्या महावाणिज्य दूतावासाला लगेच कळवावं. आणि कोठडीतल्या माणसानं ‘माझ्या दूतावासाला कळवा’ असं स्वतः लेखी मागावं. त्याची प्रत वकिलाकडे राहू द्या.

शालिनी