मदत हवी आहे: पदपथाची मोकळी रुंदी झाडापाशी कशी मोजायची?

पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावर वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी पदपथांची पाहणी आखतोय. निकष आयआरसी १०३ चे (भारतीय रस्ते काँग्रेसची पादचारी सुविधांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं): अडथळ्याविना किमान १.८ मीटर रुंदी, रस्त्यापासून पदपथाची उंची १५० मिमीपर्यंत, रॅम्पचा उतार १:१२.

घोडं रुंदीपाशी अडलंय. दर १० मीटरवर टेप धरली की मधला डीपी बॉक्स (विजेची वितरण पेटी), फलकाचा खांब, चढवलेली दुचाकी निसटते आणि सरासरी मात्र झकास येते. व्हीलचेअर सरासरीवरून जात नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यातली सर्वांत अरुंद जागा नोंदवायची असं ठरवलंय. पण झाडाचं आळं? बुंध्याभोवती माती मोकळी हवीच, त्यात तडजोड नको. आळ्यावर लोखंडी जाळी असेल तर ती रुंदीत धरता का? फट रुंद असली की पांढरी काठी आणि व्हीलचेअरचं पुढचं चाक अडकतं, त्यामुळे आमचा कल ‘नाही’कडे आहे.

दुसरं, उन्हाचं. इन्फ्रारेड तापमापक ०.९५ उत्सर्जकतेवर (पृष्ठभाग उष्णता किती बाहेर टाकतो त्याचं प्रमाण) डांबर आणि पेव्हर ठीक दाखवतो. चकचकीत स्टीलचे खांब मात्र खोटे थंड दिसतात (तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवरच मोजायचं). १२:१ च्या (अंतर : ठिपक्याचा व्यास) यंत्राने १.२ मीटरवरून १० सेंमीचा ठिपका मोजला जातो, म्हणजे सावलीच्या कडेचं माप भेसळीचं. शिवाय फरशी किती तापली यावरून चालणाऱ्याला किती ऊन लागतं ते कळत नाही. टेबलटेनिसचा ४० मिमीचा चेंडू रंगवून कुणी ग्लोब तापमापक (ऊन आणि भोवतालची उष्णता झेलणारा, आत तापमापक असलेला गोळा) केलाय का? रंग काळा की करडा? आकडा स्थिरावायला किती मिनिटं द्यायची?