किडनीसाठी एजंट मागे लागलाय, काय करू?

रावेरकर: भाऊंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, जळगावला. येताना ते सीटवरच आडवे होतात, हातावरच्या पट्टीतून कधी रक्त झिरपतं. माझा रक्तगट जुळत नाही, वहिनीचाही नाही. एक एजंट म्हणतो, परदेशात करून देतो. केळीचं शेत विकलं की भागेल. देणाऱ्या गरिबालाही पैसा मिळतो, मग चुकतं कुठं? शिव्या न घालता सांगा.

धुळ्याची सिस्टर: दादा, 1994 चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा बघा. 2011 च्या दुरुस्तीनंतर अवयवाच्या खरेदी-विक्रीला 5 ते 10 वर्षं कैद, दंड 20 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. देणाऱ्याच्या हातात किती पडतं, हे त्या एजंटला विचाराच. त्याच दुरुस्तीत अदलाबदलीची सोय आहे: वहिनींची किडनी दुसऱ्या पेशंटला, त्याच्या घरच्यांची भाऊंना. प्रत्यारोपण होतं तिथल्या समन्वयकाला भेटा.

चोपडेकर: इराणात पैसे घेऊन किडनी देणं कायदेशीर आहे, पण परदेशी पेशंटला इराणी माणसाची मिळत नाही. आणि विकणारा तिथंही बहुतेक कर्जबाजारीच. आपल्याकडे सावकार काय कमी आहेत का भो?

रावेरकर: अदलाबदलीचं कुणी बोललंच नव्हतं! सिस्टर, मृत दात्याच्या यादीत पण सोबतच नाव घालता येतं ना?

धुळ्याची सिस्टर: येतं. आधी ते घाला.