पूरग्रस्तांच्या किटमध्ये बाळाची दूध पावडर नको, बाळंतिणीला खायला द्या

कृष्णाकाठची:
पावसाळा आला की किटच्या याद्या फिरायला लागतात. तांदूळ, आटा, तूरडाळ, तेल, मीठ, चहा-साखर, बिस्किटं, मॅगी, आणि शेवटी कुणीतरी "लहान बाळांसाठी पावडरचा डबा" लिहितंच. 2019 ला सांगली-कोल्हापूरला तेच आणि 2021 ला चिपळूणला पण तेच. माझं म्हणणं आहे तो डबा यादीतनं काढा. पूर ओसरला की विहिरीत गाळ, घरात गॅस नाही, मग बाटली उकळायची कशात आणि पावडर कालवायची कुठल्या पाण्यात? बाळ अंगावर पितंय त्याला तेच सगळ्यात सेफ आहे. एकदा बाटली सुरू झाली की अंगावरचं कमी होत जातं, डबा तर आठवड्यात संपतो, पुढचा डबा कोण देणार? आणि 1992 चा कायदा आहे की हो, बाळाची पावडर आणि बाटल्या अनाथालय सोडून कुणालाही फुकट वाटायला मनाई आहे, हे वाटणाऱ्यांच्या गावीही नसतं.

त्यापेक्षा आईला खायला घाला. अंगणवाडीच्या नियमातच गरोदर आणि स्तनदा बाईला रोजच्या जेवणावर जादा 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं धरलीत. आपलं किट मात्र कुटुंबामागे एक, आणि घरात सगळ्यात शेवटी ताटावर कोण बसतं ते सांगायला नको. तिच्या नावाचं वेगळं पाकीट करा, शेंगदाणा-गुळाचे लाडू, फुटाणे, खजूर. न शिजवता खाता येतं.

टेम्पोवाला_वाळवा:
ताई, रात्री टेम्पो भरताना उभ्या राहिलाय का कधी? सहाशे पिशव्या एकसारख्या भरतो म्हणून निदान वाटून तरी होतात. एका घराला जादा पाकीट दिसलं की शेजारचा पिशवी ओढतो, आम्ही मार खायचा बाकी असतो. आणि लाडू म्हणताय, त्या दमट हवेत चार दिवसात बुरशी धरतात. बिस्किटाला नावं ठेवा पण ते सीलबंद असतं आणि पोरगं रडायचं थांबतं. घाबरून दूध आटलेल्या बायका पण बघितल्यात आम्ही, त्यांना काय फुटाणे द्यायचे?

सिस्टर_मिरज:
दादा, भीतीनं दूध आटत नाही, उतरायचं थांबतं. बाईला आडोसा मिळाला, पोटात गरम काही गेलं आणि बाळाला सारखं लावत राहिलं की परत येतं. पण शाळेतल्या कॅम्पात दीडशे माणसं एका हॉलमध्ये, दीर-सासऱ्यासमोर बाळाला पदराखाली कसं घेणार ती? आधी एक वर्गखोली फक्त बायकांसाठी मोकळी करा, याला पैसा लागत नाही.

आणि पावडरचं म्हणाल तर 2006 मध्ये इंडोनेशियात योग्याकार्ताला भूकंप झाला तेव्हा डबे असेच वाटले गेले. नंतर पाहणी केली तर ज्यांना फुकट पावडर मिळाली होती त्या दोन वर्षांखालच्या पोरांमध्ये जुलाब, न मिळालेल्यांच्या दुपटीच्या आसपास निघाले.

जुळ्यांची_आई:
सगळे आईच्या दुधावर भाषण देतात. माझी जुळी पहिल्यापासून पावडरवर होती, डॉक्टरांनीच सांगितलेलं. पुरात डबा वाहून गेला, कॅम्पात मागितला तर एक बाई मला स्तनपानाचं पत्रक देऊन गेली. पत्रक पाजू का पोरांना? तुमच्या या "पावडर नको" मुळे आमच्यासारख्यांनी काय करायचं ते पण लिहा की.

कृष्णाकाठची:
तुम्हाला डबा मिळायलाच हवा होता, त्यात वादच नाही. मी म्हणतेय टेम्पोतनं वाटू नका. ज्या बाळाला खरंच लागते त्याला नर्सनं तपासून द्यावी, पुरेल इतके महिने द्यावी, सोबत चांगलं पाणी आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा.

जुळ्यांची_आई:
आणि नर्स तिसऱ्या दिवशी येते. तोपर्यंत?

मेडिकलवाला:
एवढा घोळ कशाला, ती शेंगदाण्याची पेस्ट येते ना, आफ्रिकेत देतात ती. 92 ग्रॅमचं पाकीट, 500 कॅलरी, पाणी नको, शिजवायला नको, बुरशी नाही. प्रत्येक पोराला रोज एक द्या आणि विषय संपवा.

जुनी_ज्वारी:
ते अतितीव्र कुपोषणाचं औषध आहे, पुरात अडकलेल्या धट्ट्याकट्ट्या पोराचा खाऊ नाही. महाराष्ट्रात यावर आधीच भरपूर भांडणं झालीत.

वडीलधाऱ्यांना 72 चा दुष्काळ विचारा. अमेरिकेची मिलो म्हणजे लाल ज्वारी रेशनवर आली, ती भाकरी घशाखाली उतरत नव्हती असं आजही सांगतात, पण दुष्काळी कामावर सुकडी मिळायची तिची आठवण वेगळी निघते. पोट भरणं वेगळं आणि लहान पोराला काय लागतं ते वेगळं, हे अमेरिकेला पण उशिरा समजलं. 2011 मध्ये तिथल्या टफ्ट्स विद्यापीठानं त्यांच्याच मदतीच्या धान्याचा आढावा घेतला आणि मका-सोयाच्या पिठात दुधाचं प्रथिन घाला, सोबत तेल जास्त द्या असं सांगितलं. मग आपण सुकडीच का नाही करत, भाजलेलं गव्हाचं पीठ, शेंगदाण्याचं कूट, गूळ आणि दूध भुकटी, सीलबंद पाकिटात? सहा महिन्यांवरच्या पोराला गरम पाण्यात मऊ कालवता येते आणि आई कोरडी पण खाते.

सिस्टर_मिरज:
पाणी मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब) घालून आणि उकळून मगच. नाहीतर पावडरची तीच गत सुकडीची.

टेम्पोवाला_वाळवा:
सुकडी सीलबंद असेल तर नेतो, लाडू नाही नेणार. पण टेम्पोतनं वाटणार नाही. अंगणवाडीताईंकडे गरोदर आणि लहान बाळवाल्या बायकांची यादी असते, त्यांच्या हातात पोतं देतो, त्यांनी वाटावं. आणि जुळ्यांच्या ताईंना तीन दिवस थांबायला लागू नये म्हणून चार डबे आमच्या गाडीत असणारच, सिस्टरांना फोन लावून देईन. कायदा काय म्हणतो ते नंतर बघू.

कृष्णाकाठची:
डबे सिस्टरांच्या ताब्यात राहू द्या दादा, गाडीत नको.

टेम्पोवाला_वाळवा:
सिस्टर बोटीत बसून आल्या तर त्यांच्याकडे. नाहीतर माझ्याकडेच.