शब्दचर्चा: भीतीने जागीच स्थिर होणाऱ्या उंदराला काय म्हणावे?

प्रश्न (शिक्षिका, आर्णी तालुका): शाळेतल्या मुलांसाठी मेंदू आणि भीती यावर टिपण लिहिते आहे. ‘इनेट फिअर’ला ‘उपजत भीती’ चालेल ना? आणि ‘फ्रीझिंग’ला गोठणे म्हणू की थिजणे?

उत्तर: ताई, ‘उपजत भीती’ अगदी बरोबर. जन्मात कोल्हा न पाहिलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरालाही कोल्ह्याच्या विष्ठेतल्या टीएमटी या रसायनाचा वास आला की तो जागीच स्थिर होतो. ही भीती त्याला कोणी शिकवलेली नसते.

गोठणे आणि थिजणे मात्र मला पटत नाहीत. पाणी गोठते, तूप थिजते, ते आपोआप. उंदराचे तसे नाही. श्वासाखेरीज सगळी हालचाल थांबते, ठोके मंदावतात, पण स्नायू ताठ असतात. 2016 साली उलगडलेली वाट पाहा. भीती हाताळणाऱ्या ‘अमिग्डाला’ या मेंदूतल्या भागाच्या मध्यवर्ती केंद्रातून आलेला संदेश मध्यमेंदूतल्या ‘पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे’ या भागातल्या आवर घालणाऱ्या पेशींना गप्प करतो. आवर सुटला की तिथल्याच दुसऱ्या पेशी मस्तिष्कपुच्छाला (मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला खालचा भाग) हुकूम देतात आणि अंग जागच्या जागी धरले जाते. मेंदू ते करवून घेतो! म्हणून मी ‘दबकणे’ सुचवेन.

दर्यापूरहून: आमच्या वावरात घार वर फिरली का उंदीर धुऱ्यातल्या गवतात चिप दबून रायते. ‘थिजला’ असं कोनी म्हनत नाही.

पुसदहून: पण मांजर दबकत दबकत येते, म्हणजे चालतेच की. शब्द सैल पडतो.

उत्तर: आक्षेप रास्त आहे. मग दर्यापूरकरांचे ‘दबून राहणे’च घ्यावे, त्यात चालणे येत नाही. ‘दबा धरणे’ टाळा, ते शिकाऱ्याचे काम. ‘हातपाय गळणे’ही नको. उंदीर हतबल नसतो, प्रसंग पाहून वागतो. डोक्यावरून लहान ठिपका सरकत गेला तर बहुधा दबून राहतो. तोच ठिपका झपाट्याने मोठा होऊ लागला तर बहुधा आडोशाकडे पळतो. पळण्याची सूत्रे त्याच ‘ग्रे’च्या वरच्या भागात आहेत. इतके जवळ असूनही दोन वागणुकींना दोन वेगळे भाग! मुलांना हे जरूर सांगा.

शिक्षिका: मग असे लिहिते: ‘घारीची सावली सरकली आणि उंदीर दबून राहिला.’ कंसात एकदाच फ्रीझिंग.

दर्यापूरहून: बेस. पोट्ट्यायले लगेच समजन.