महिनाअखेरीचा बॅच लांबतो: स्टेपची वेळ जॉब लॉगमधून काढावी की एसएमएफमधून?

प्रश्न: निशाचर

नमस्कार. आमचा पुण्यातील चमू एका परदेशी ग्राहकाचा झेड/ओएसवरील (आयबीएम मेनफ्रेमची कार्यप्रणाली) रात्रीचा बॅच (आपोआप चालणाऱ्या जॉबचा संच) सांभाळतो. एरवी बॅच वेळेत संपतो, पण महिनाअखेरीच्या रात्री काही जॉब बरेच लांबतात आणि सकाळी सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारी प्रणाली) सुरू करण्याची वेळ गाठताना ओढाताण होते. जॉबमधील कोणती स्टेप (टप्पा) लांबली हे आपोआप कळावे म्हणून मी रेक्स या स्क्रिप्ट भाषेत एक लहान साधन लिहिले आहे. ते एसडीएसएफ या जॉबचे आउटपुट दाखवणाऱ्या साधनामार्फत जॉब लॉगचा मजकूर वाचते, आयईएफ३७३आय आणि आयईएफ०३२आय या संदेशांतून स्टेप सुरू झाल्याची व संपल्याची वेळ आणि सीपीयू वेळ उचलते, आणि मागील रात्रीशी तुलना करून तक्ता छापते. तक्त्यावरून स्टेप लांबल्याचे दिसते, परंतु सीपीयू वेळ जवळजवळ तेवढीच असते. उरलेला वेळ कुठे गेला हे लॉगमधून काढता येईल का, की एसएमएफच्या नोंदी (प्रणाली स्वतः ठेवते त्या वापराच्या नोंदी) वाचाव्याच लागतील?

उत्तर: ऑफसेट

लॉगमधील त्या संदेशांत वेळ केवळ तास-मिनिटांपर्यंत असते, त्यामुळे लहान स्टेपची तुलना त्यावरून करता येत नाही. शिवाय संदेशाचे शब्द हा काही करार नव्हे. स्टेप संपल्याचा संदेश पूर्वी आयईएफ३७४आय होता, तो पुढे आयईएफ०३२आय झाला आणि त्या वेळी अनेकांची अशी साधने एका रात्रीत मुकी झाली. एसएमएफमधील ३० क्रमांकाच्या नोंदीची रचना मात्र आयबीएमच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि नवी क्षेत्रे जोडली गेली तरी जुनी सहसा जागेवर राहतात. तुम्हाला उपप्रकार ४, म्हणजे स्टेप संपल्याची नोंद हवी आहे.

माझा आग्रह असा की गाळण्याचे काम रेक्सला देऊ नये. एसएमएफच्या नोंदी उतरवून घेणाऱ्या आयएफएएसएमएफडीपीने किंवा, नोंदी लॉगस्ट्रीममध्ये (प्रणालीच्या नोंदप्रवाहात) जात असतील तर, आयएफएएसएमएफडीएलने ३० क्रमांक वेगळा काढावा, डीएफसॉर्ट या क्रमवारी व निवड करणाऱ्या साधनाने उपप्रकार ४ आणि तुमचे जॉब निवडावेत, आणि उरलेल्या थोड्या नोंदी रेक्समधून एक्सेकआयओ या वाचनाच्या आदेशाने वाचाव्यात. येथे मोजणीची एक अडचण आहे. पुस्तिका ऑफसेट (नोंदीच्या सुरुवातीपासूनचे अंतर) शून्यापासून मोजते आणि त्यात सुरुवातीचा चार बाईटांचा लांबीदर्शक धरते. डीएफसॉर्टही तो धरते, पण एकपासून मोजते. रेक्सच्या हाती नोंद येते तेव्हा तो गळालेला असतो. त्यामुळे पुस्तिकेत ऑफसेट २२ वर असलेला उपप्रकार डीएफसॉर्टमध्ये २३ व्या आणि रेक्समध्ये १९ व्या स्थानी सापडतो. पुढील विभागांची जागा कायम धरून चालू नका. प्रत्येक विभागाचा ऑफसेट, लांबी आणि संख्या नोंदीतच दिलेली असते, तीच वाचा.

नोंदीतील वेळ मध्यरात्रीपासूनच्या शतांश सेकंदांत असते, त्यामुळे बारा ओलांडणाऱ्या स्टेपची नुसती वजाबाकी ऋण येते. दिनांक सोबत घ्यावा लागतो, आणि तो पॅक्ड स्वरूपात असतो: २९ फेब्रुवारी २०२४ हा ०१२४०६०एफ असा दिसतो. त्यात सुरुवातीच्या शून्यानंतरचा १ शतक दाखवतो, २४ हे वर्ष आणि ०६० हा वर्षातील दिवस. सीटूएक्स या फंक्शनने त्याचा मजकूर केला की नेहमीच्या सबस्ट्रिंगने काम भागते. रेक्स मूळ मांडणीत नऊ अंकांपर्यंतच अचूक चालते, म्हणून न्यूमेरिक डिजिट्स वाढवून ठेवा. मोठ्या बेरजा नाहीतर घातांकात छापल्या जातात.

उत्तर: क्षमता-नियोजक

वरील सर्व योग्य आहे, पण सीपीयू वेळ तेवढीच आणि लांबण फक्त महिनाअखेरीला, हे वाचून माझा पहिला संशय न वापरलेले डेटासेट (मेनफ्रेमवरील फाइली) दुय्यम साठ्यात हलवणाऱ्या डीएफएसएमएसएचएसएमवर जातो. महिन्यातून एकदाच उघडले जाणारे डेटासेट मधल्या काळात स्थलांतरित होतात, प्रसंगी टेपवर जातात, आणि स्टेप त्यांची मागणी करते तेव्हा ते परत येईपर्यंत ती थांबून राहते. ३० क्रमांकाच्या नोंदीत स्टेपच्या वाटपाची (तिला लागणारे डेटासेट जोडून देण्याची) सुरुवात आणि प्रोग्रॅमची सुरुवात या दोन्ही वेळा आहेत. त्या दोहोंतील अंतर मोठे असेल तर प्रोग्रॅमचा दोष शोधत बसू नये; तो तेव्हा सुरूच झालेला नसतो.

अंतर लहान निघाले तर आय/ओ (डेटा वाचणे-लिहिणे) आणि प्रोसेसरसाठीची प्रतीक्षा तपासावी. एक्सेकआयओच्या पलीकडे जाऊन आरएमएफ या कामगिरी मोजणाऱ्या साधनाचा वर्कलोड ॲक्टिव्हिटी अहवाल पाहा, कारण ३० क्रमांकाची नोंद वेळ किती लागला ते सांगते, पण प्रोसेसरसाठी रांगेत किती थांबावे लागले ते एसएमएफच्या ७२ क्रमांकाच्या उपप्रकार ३ मध्ये सर्व्हिस क्लासनिहाय (कामांच्या गटानुसार) मिळते. एलपारला (मेनफ्रेमच्या स्वतंत्र विभागाला) ठरवून दिलेली क्षमता असेल आणि प्रोसेसर वापराची चार तासांची चालती सरासरी तिच्यावर गेली, तर कॅपिंग (वापरावर मर्यादा) लागते आणि कामांचे प्राधान्य ठरवणाऱ्या डब्ल्यूएलएममध्ये कमी महत्त्व दिलेला बॅच सर्वांत आधी मागे पडतो.

प्रश्नकर्ता: निशाचर

धन्यवाद. दोन स्टेपमध्ये वाटप आणि प्रोग्रॅम यांतील अंतरच बहुतांश लांबण खाते, असे दिसले. हे डेटासेट संध्याकाळीच परत आणून ठेवायचे झाल्यास त्यांची यादी जेसीएलच्या (जॉब लिहिण्याच्या भाषेतील) मजकुरातून काढावी का?

उत्तर: ऑफसेट

जेसीएलमधून काढू नये. त्यात सिंबॉलिक (चालताना भरल्या जाणाऱ्या किमती) असतात, प्रोसिजरच्या आतले डीडी (डेटासेट जोडणारी विधाने) असतात आणि जीडीजी (एका नावाच्या डेटासेटच्या पिढ्या) सापेक्ष क्रमांकाने लिहिलेले असतात, त्यामुळे खरे नाव मिळवायला तुम्हाला जेसीएलचा अर्थ लावणारेच साधन लिहावे लागेल. या कामाला मात्र जॉब लॉग उपयोगी आहे: मागील महिनाअखेरीचा लॉग जपलेला असेल तर आयईएफ२८५आय संदेशांत, आणि एसएमएसच्या (साठा-व्यवस्थापनाच्या) ताब्यातील डेटासेटसाठी आयजीडी१०४आय संदेशांत, प्रत्यक्ष वापरलेल्या डेटासेटची पूर्ण नावे सापडतात. तात्पुरते डेटासेट वगळा, जीडीजीची जुनी पिढी न घेता मूळ नावावर लिस्टकॅट (कॅटलॉग दाखवणारा आदेश) करून ताजी पिढी घ्या, आणि प्रत्येक नावावर लिस्टडीएसआय (डेटासेटची माहिती देणारे रेक्स फंक्शन) नोरिकॉल पर्यायासह चालवा. तो पर्याय विसरलात तर तपासणीच डेटासेट परत मागवू लागेल आणि तुमचे साधन एकेका नावावर थांबत जाईल. स्थलांतरित आढळलेल्यांसाठी एचरिकॉल (परत मागवण्याचा आदेश) द्यावे, पण त्याला प्रतीक्षा करायला लावू नये. हा जॉब बॅचच्या इतका आधीही लावू नका की रात्रीचे स्थलांतर ते डेटासेट पुन्हा उचलून नेईल; तुमच्याकडे ते केव्हा चालते हे स्टोरेज चमूला विचारून वेळ ठरवा.