तेलकट लेन, कोरडी लेन: पहिला बॉल कोणता घ्यावा?

वरूडकर
नमस्कार मंडळी. महिन्यातून दोनदा नागपूरला टेनपिन बोलिंग खेळायला जाणं होते. उजवा हात, १४ पौंडाचा बॉल. तिथला बॉल कधीही टाका, सरळच जाते. दोस्ताच्या रिऍक्टिव्ह (पकड घेऊन वळणाऱ्या आवरणाच्या) बॉलनं सकाळी लेन उघडल्याबरोबर टाकलं तर तो फार उशिरा वळते, अन् संध्याकाळी त्याच जागेवरून टाकला तर लवकर वळून १ नंबरच्या पिनच्या डावीकडून निघून जाते. काऊन होते असं? दोन बॉल घ्यायचं बजेट आहे. दुकानदार म्हणते सगळ्यात जास्त वळणारा घ्या. घेऊ काय?

पट्टीमोज्या
भाऊ, दुकानदाराचं ऐकू नका.

लेन फाऊल लाईनपासून (जिच्या पुढे पाय टाकायचा नाही ती रेघ) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदी ३९ पट्ट्यांची. तेल साधारण पहिल्या ४० फुटांपर्यंत असतं, पुढचा भाग कोरडा. रोजच्या गिऱ्हाइकांसाठी तेल मधे जाड आणि कडेला पातळ मारतात. बॉल तेलावर घसरतो, कोरड्यावर पकड घेतो. सकाळी तेल ताजं, म्हणून घसरण लांब. दिवसभर रिऍक्टिव्ह बॉल तेल शोषून नेतात, सुरुवातीचा पट्टा सुकतो आणि संध्याकाळी तुमचा बॉल आधीच वळायला लागतो. त्याच जागेवर उभं राहिलात तर डावीकडे जाणारच.

बॉल बदलण्याआधी पाय बदला. डावीकडे चुकलं की डावीकडेच सरका: पाय दोन पट्ट्या, नजरेचा बाण (लेनवर नेम धरायला आखलेली खूण) एक पट्टी. उजवीकडे चुकलं तर उलट.

तेल किती फुटांचं आणि कधी मारलं, हे काउंटरवर विचारून घ्या. त्या फुटांतून ३१ वजा करा. ४० फूट असेल तर बॉल उजव्या कडेपासून साधारण ९ व्या पट्टीवर असताना वळायला लागला पाहिजे, ४४ असेल तर १३ व्या. हा अंदाज आहे, पण सुरुवातीला पुरतो.

गोटाटायर
वरचं बरोबर, पण बॉलच्या बाहेरच्या आवरणाबद्दल कोणी बोललंच नाही. खरा फरक तिथे आहे. ओल्या काळ्या रानात गोटा टायरचा ट्रॅक्टर जागीच फिरतो, दातेवाला निघून जातो. बॉलचंही तसंच.

तिथले बॉल बहुतेक पॉलिस्टरचे, म्हणजे साधं प्लॅस्टिक. तेल असो-नसो, सरळ. रिऍक्टिव्ह रेझिनमध्ये सॉलिड लवकर पकडतो, म्हणून जास्त तेलावर बरा, पर्ल लांब घसरून शेवटी झटक्यात वळतो, म्हणून सुकलेल्या लेनवर बरा, हायब्रिड मधला. युरेथेन लवकर पण संथ वळतो, कमी फुटांच्या तेलावर चालतो. मात्र तो तेल शोषत नाही, पुढे कोरड्या भागात ओढून नेतो. दोन-तीन गेमनंतर ‘आता वळत का नाही’ असं वाटतं ते त्यामुळे.

त्यात घासायच्या पॅडचा आकडा धरा, आकडा जितका मोठा तितकं आवरण गुळगुळीत. ५०० किंवा १००० च्या पॅडने घासलेला खरखरीत बॉल जाड तेलासाठी, २००० मधला, ४००० किंवा पॉलिश कोरड्यासाठी. एकच बॉल पॅडने बराच बदलता येतो: पॅड ओला करा, चारही बाजूंना सारख्या दाबाने साधारण ३०-३० सेकंद फिरवा, मग पुसा. एकाच बाजूला जास्त घासलं तर बॉल प्रत्येक फेकीला वेगळा वागतो. पॅड जुना झाला की २००० चा पॅड २००० चा राहत नाही. अधिकृत सामन्यात खेळ सुरू झाल्यावर घासणं चालत नाही, आधीच ठरवा.

तुमच्यासाठी: एक सिमेट्रिक कोअरचा (आतला गाभा सारख्या आकाराचा) सॉलिड रिऍक्टिव्ह, २००० वर. दुसरा प्लॅस्टिक, उरलेल्या पिनांसाठी. १० नंबरची, म्हणजे मागच्या उजव्या कोपऱ्यातली पिन राहिली की वळणारा बॉल डोकेदुखीच.

पट्टीमोज्या
सॉलिड पटला, २००० पटला नाही. त्यांची अडचण संध्याकाळची आहे. सुकलेल्या लेनवर २००० चा सॉलिड आधीच दम सोडेल. ३००० वर ठेवा, सकाळी लागलं तर खाली आणा. आणि भोकं स्वतःच्या हाताच्या मापानेच पाडून घ्या. दोस्ताच्या मापाचा बॉल असेल तर अंगठा अडकतो, मनगट वळतं, आणि लोक दोष तेलाला देतात.

उन्हाळी
दोघांचं नीट आहे, पण विदर्भातली मुख्य गोष्ट राहिली. मे महिन्यात बॉल गाडीच्या डिक्कीत ठेवून वरूडला न्याल तर आवरण तडकू शकतं. उन्हातून थेट एसीत, एसीतून थेट उन्हात, हे सगळ्यात वाईट. पिशवी सीटजवळ ठेवा, आणि लेनवर पोचल्यावर अर्धा तास तशीच राहू द्या. गरम बॉलमधून शोषलेलं तेल घामासारखं बाहेर येतं. दिसलं तर पुसून टाका, घाबरू नका.

अंगठाही उन्हाळ्यात फुगतो. भोक मोठं करून घेऊ नका, हिवाळ्यात ढिलं होईल. हिवाळ्यात भोकात टेप लावा, उन्हाळ्यात काढा.

प्रत्येक फेकीनंतर मायक्रोफायबर कापडाने तेल पुसा, खेळ झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या क्लीनरने. ॲसिटोन लावू नका. साधारण ६० गेमनंतर पकड कमी होते. तेव्हा भोकं टेपने बंद करा, बादलीत ५०-५५ अंशांचं पाणी, त्यात थोडं भांड्यांचं लिक्विड, २० मिनिटं. उकळतं पाणी कधीच नाही. बॉल आपोआप थंड होऊ द्या, मग पॅड. वॉरंटी असेल तर आधी पत्रक वाचा, गरम केल्याने ती जाऊ शकते.

वरूडकर
समजलं. सॉलिड ३००० वर अन् एक प्लॅस्टिक. प्लॅस्टिकचा पण १४ पौंडाचाच घेऊ का हलका?

गोटाटायर
१४ च घ्या. वजन बदललं की हाताचा झोका अन् सोडायची वेळ दोन्ही बदलतात.